शेवटच्या पाण्याचं पान

जीवन सोनकांबळे नेमकं काय काम करतो, हे भाईंदर पूर्वेच्या नवकिरण सोसायटीत धड कोणालाच ठाऊक नव्हतं. तळमजल्यावरचा किराणावाला त्याला 'डॉक्टर साब' म्हणायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या शैलाकाकूंचा पक्का समज होता की तो आफ्रिकेत दवाखाना चालवतो, आणि ज्याचा दवाखाना त्याची औषधं फुकट. त्यामुळे जीवन सुट्टीवर आला रे आला की संध्याकाळी त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. कोणाचं बीपी, कोणाचं चक्कर येणं, कोणाच्या सुनेचं काहीच न खाणं. जीवन मुकाट्याने दंड बांधायचा, आकडा सांगायचा, मीठ कमी करा म्हणायचा. मीठ कोणी कमी करत नसे. पुढच्या सुट्टीत तीच माणसं तोच आकडा घेऊन हजर.

खरं काम सांगितलं असतं तर लोक हसले असते. खरं काम होतं बसून राहायचं.

दक्षिण सुदानमध्ये एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या लढाईत पेरलेले सुरुंग अजून जमिनीत आहेत. लढणारे गेले, सुरुंग राहिले. ते शोधून काढणारी अकरा माणसांची टोळी तिथे काम करते, आणि त्या टोळीबरोबर एक मेडिक असतो. अँब्युलन्स, स्ट्रेचर, सलाईनच्या बाटल्या घेऊन तो ताडपत्रीच्या सावलीत सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत बसतो. काही घडत नाही. घडू नये म्हणूनच तर सगळा खटाटोप. पण मेडिक जागेवर नसेल तर काम बंद, असा कडक नियम आहे. जीवनला लघवीला जायचं झालं तरी वायरलेसवर सांगावं लागे, आणि तो परत येईपर्यंत अकरा माणसं जमिनीवरचे हात उचलून वाट बघत. जगात इतका मान आपल्याला आणखी कुठे मिळणार नाही, असं तो बायकोला फोनवर सांगायचा.

त्याचे वडील बापूराव नांदेडकडून भाईंदरला आले ते स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायला. बावीस वर्षं त्यांनी पातेली चकचकीत केली आणि तेवढीच धूळ छातीत भरून घेतली. शेवटचे सहा महिने ते बसल्या बसल्या धापा टाकायचे, आणि जीवन दारात उभा राहून बघायचा. काय करावं हे कळत नाही आणि बघवतही नाही, ही अवस्था त्याला वयाच्या अठराव्या वर्षीच पुरती कळली. म्हणूनच सैन्यात गेल्यावर त्याने वैद्यकीय शाखा मागून घेतली. सतरा वर्षं त्याने फाटलेली माणसं शिवली. निवृत्तीनंतर एजंटमार्फत सुरुंगवाल्या कंपनीत लागला. आई इंदूबाई म्हणाली, "आता तरी बंदुकीपासून लांब राहशील ना?" जीवन म्हणाला, "बंदूक नाहीच तिथे, आई." खोटं बोलला नाही. फक्त पुढचं सांगितलं नाही.

ही सवय त्याला पुढे भोवली.

तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी जेवणाच्या तंबूत एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस वाटीतली डाळ ढवळत मराठीत शिव्या देत होता. डाळीला मीठ नव्हतं. जीवन त्याच्या समोर जाऊन बसला. "कुठले?" "भायंदर." "अरे, मीपण!" त्यावर त्या माणसाने चमचा खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, "ईस्ट का वेस्ट?" ईस्ट म्हटल्यावर त्याने मान हलवली, जणू एखाद्याची वाईट बातमी कळावी. तो दशरथ भोईर. राईचा, म्हणजे भाईंदर पश्चिमेला खाडीलगतच्या जुन्या गावातला. बाप मिठागरावर, आजा होडीवर, आणि हा सैन्याच्या इंजिनिअरांत सुरुंग पेरायला आणि काढायला शिकलेला. त्याच्या मते ईस्टवाले म्हणजे परवा आलेले पाहुणे. "आमच्या मिठावर तुमची बिल्डिंग उभी हाय," तो जीवनला दर चार दिवसांनी ऐकवायचा.

अशी दोस्ती जमली की विचारू नका. दोघांची सुट्टी एकत्र यायची. पहिल्या खेपेला दशरथने त्याला ओढतच राईला नेलं. निघताना इंदूबाईने हळूच विचारलं होतं, "ते आपल्याला घरात घेतात का रे?" जीवनलाही तीच शंका होती, पण दशरथची म्हातारी, सुलूआय, तिने आडनाव ऐकलं, मान डोलावली आणि लेकाच्या ताटाला ताट लावून जीवनला वाढलं. कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. दशरथची बायको ममता त्याला भाऊजी म्हणू लागली. जीवनने घरी येऊन आईला सांगितलं, "घेतात." इंदूबाईने डोळ्यांना पदर लावला. तिचं आयुष्य ज्या गावात गेलं होतं, तिथे ही लहान गोष्ट नव्हती.

आता एका पट्ट्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

सुरुंग काढणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कमरेला एक पाकीट असतं आणि त्यात रक्त थांबवायचा पट्टा असतो. पाय उडाला तर मांडीला तो गुंडाळायचा, त्याला जोडलेली दांडी पिळायची, पिळून खाचेत अडकवायची. पट्टा आवळतो, रक्त थांबतं. खरे पट्टे काळे. सरावासाठी वेगळे, निळे. शंभरदा पिळून पिळून निळ्या पट्ट्याच्या दांडीतला जीव गेलेला असतो, म्हणून तो कधीही कामावर न्यायचा नाही. रोज सकाळी मेडिकने प्रत्येकाचं पाकीट उघडायचं, पट्टा बाहेर काढून डोळ्यांनी बघायचा, दांडी तपासायची, परत ठेवायचा आणि मगच वहीत नावापुढे खूण करायची. माणसामागे अर्धं मिनिट. माणूस विसरतो, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनीच हा नियम केला होता.

आदल्या दुपारी सराव झाला होता. जखमी व्हायचं काम नेहमी दशरथकडे, कारण तो विव्हळायचा झकास. टोळीचा प्रमुख ओटिएनो, केनियाचा उंच शांत माणूस, तोही त्याचं विव्हळणं ऐकून हसायचा. सरावात काळा पट्टा खराब होऊ नये म्हणून दशरथने तो काढून आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि पाकिटात निळा घातला. इथपर्यंत सगळं शिकवल्याप्रमाणे. सकाळी तो बदलायचा विसरला.

सकाळी जीवन चहाचा कप घेऊन एकेकाची पाकिटं तपासत होता. दशरथची पाळी आली तेव्हा दशरथने फोन पुढे केला. त्याची पोरगी अनुष्का शाळेच्या कार्यक्रमात कोळीण होऊन नाचत होती आणि मधेच पायऱ्या चुकून शेजारणीकडे बघत होती. दोघं खो खो हसले. हसता हसता जीवनने पाकीट वरून चाचपलं. आत पट्टा हाताला लागला. काळा की निळा, हे हाताला कळत नाही. त्याने वहीत खूण केली. दशरथच होता ना समोर. परका असता तर उघडलं असतं, हे जीवन स्वतःला वर्षभर सांगत राहिला, आणि प्रत्येक वेळी स्वतःची जास्तच शिसारी येत गेली.

साडेनऊला स्फोट झाला.

आवाज मोठा नव्हता. जाड फटाका पत्र्याच्या डब्यात फुटावा एवढाच. जीवन उठून उभा राहिला आणि तिथेच थांबला, कारण मेडिकने धावायचं नसतं. हा त्या कामातला पहिला आणि शेवटचा नियम. जखमी माणसापर्यंतची जमीन पुन्हा तपासून होईपर्यंत मेडिकने जागा सोडायची नाही. तोच उडाला तर मग दोघांनाही कोणी नाही. आणि स्फोट झाला होता आधी साफ केलेल्या जमिनीच्या पट्टीतच. म्हणजे त्या पट्टीत एक सुरुंग सुटला होता. म्हणजे आणखीही सुटलेला असू शकत होता. मागच्या पन्नास मीटरवर आता कोणाचाच भरवसा नव्हता. ओटिएनोने दोन माणसं यंत्रं घेऊन गुडघ्यांवर बसवली, आणि ती वितीवितीने पुढे सरकू लागली.

जीवनच्या हातात भोंगा होता. दशरथ दिसत होता. डावा पाय घोट्याच्या वर संपला होता.

पहिलं वाक्य दशरथच ओरडला. "जीवन, येव नुको! जमीन खराब हाय!"

"नाही येत," जीवन भोंग्यातून म्हणाला. "पट्टा काढ. मांडीला लाव. वर, अजून वर. आता दांडी पिळ."

तो मराठीत बोलत होता. बाकी कोणाला ती भाषा येत नव्हती. त्या माळावर त्या दोघांमध्ये काय बोलणं झालं, हे आज जगात एकाच माणसाला माहीत आहे.

दशरथने पाकीट उघडलं आणि आतून निळा रंग बाहेर आला. पन्नास मीटरवरून तो जीवनला दिसला. दशरथलाही दिसलाच असणार. तो त्याबद्दल काही बोलला नाही. त्याने पट्टा बांधला, दांडी पिळली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या पिळाला ती तुटली.

"मोरली रे," तो म्हणाला. तक्रार नव्हती. सांगितलं फक्त.

मग जीवनने त्याला कमरेचा बेल्ट लावायला सांगितला, जांघेत मूठ दाबायला सांगितलं, पाय वर करायला सांगितलं. दशरथ सगळं करत होता. मध्ये त्याने पाणी मागितलं. मग अनुष्काचं नाव घेतलं. मग, विसाव्या मिनिटाच्या आसपास, त्याचा आवाज बारीक झाला आणि तो म्हणाला, "ये ना रे आता." जीवनने ओटिएनोकडे बघितलं. ओटिएनोने मान हलवली, नाही. जीवन गेला नाही. "आलोच," असं मात्र तो भोंग्यातून म्हणत राहिला. आलोच, दशरथ. आलोच.

वाट मोकळी व्हायला बेचाळीस मिनिटं लागली. त्यातली शेवटची सात मिनिटं पलीकडून आवाज नव्हता.

त्याच दिवशी दुपारी रक्ताचे हातमोजे आणि कापूस जाळायच्या खड्ड्यात जीवनने तो निळा पट्टाही टाकला. अहवालात लिहिलं, पट्टा स्फोटात निकामी झाला. वहीत दशरथच्या नावापुढे खूण होतीच. चौकशी चार ओळींत आटोपली.

शवपेटीबरोबर तोच आला. राईच्या घराबाहेर गाव लोटलं होतं. ममता रडत नव्हती. तिने त्याला बाजूला बोलावलं आणि एकच विचारलं, "भाऊजी, लई हाल झाले का?" आणि जीवनच्या तोंडून निघून गेलं, "नाही वहिनी. मी लगेच पोचलो. डोकं मांडीवर घेतलं. पाणी पाजलं. दोन घोट प्यायला आणि गेला."

ममताने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते समाधान होतं, दुसरा शब्द नाही. त्या समाधानासाठीच आपण बोललो, असं जीवनने मनाशी ठरवून टाकलं.

पुढचं वर्ष त्याने कसं काढलं ते त्याचं त्याला ठाऊक. तो कामावर परत गेला. आता तो प्रत्येकाचं पाकीट दोनदा, तीनदा उघडायचा, माणसं वैतागायची. मधल्या सुट्टीत घरी आला तर लेकीच्या, आरोहीच्या, दप्तराचे सगळे कप्पे उघडून बघत बसायचा. राईला मात्र फिरकला नाही. दर वेळी काहीतरी निमित्त. बायको संघप्रिया पालिकेच्या शाळेत शिकवते. पोरांचं खोटं पकडायची तिला बारा वर्षांची सवय. तिने विचारलं नाही, वाट बघितली.

जानेवारीअखेर ममताचा फोन आला. वर्षश्राद्ध ठरलंय, यायलाच हवं. फोन सुलूआयने ओढून घेतला. "जीवन बाला, आमच्या घरात रीत हाय. मरनाऱ्याला ज्याना शेवटचा पानी पाजला, वर्साला त्याचा पयला पान. तो बसल्याबिगर पंगत बसत न्हाय. नवी टोपी, नवा टावेल. तुझा मान हाय तो."

जीवन 'हो' म्हणाला.

त्या सकाळी तो पांढरा सदरा घालून निघाला तेव्हा संघप्रिया दारात आली. "तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण जे आहे ते तिथे सांगून ये. परत घरी आणू नकोस. ह्या घरात त्याला जागा उरलेली नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. जीवनने चप्पल घातली आणि जिना उतरला.

पुलावरून पश्चिमेला जाऊन त्याने राईची बस पकडली. घरासमोर मांडव होता. वड्यांचा वास येत होता, केळीची पानं धुऊन उभी करून ठेवली होती. सगळे त्याला ओळखत होते. बापये उठून उभे राहिले, बायकांनी पदर सावरले. "ह्योच तो," कोणीतरी म्हणालं, "दशरथला पानी पाजनारा." सुलूआयने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडला. ओटीवर ताटात नवी टोपी आणि टॉवेल होता. जीवनला वाटलं, बसावं, जेवावं, टोपी घ्यावी आणि जावं. एक दिवसाचा तर प्रश्न. म्हातारीचं समाधान मोडून कोणाचं भलं होणार आहे? जवळजवळ ठरलंच होतं त्याचं.

पाय धुवायला तो मागच्या अंगणात गेला. हौदाजवळ कोंबड्यांचं खुराडं होतं. त्याच्या दाराला काळा पट्टा बांधलेला होता.

नवा कोरा. पीळ घट्ट, दांडी खाचेत अगदी शिकवल्यासारखी अडकवलेली. पट्टा किती वाजता आवळला ते लिहायची पांढरी पट्टी कोरीच होती.

जीवनच्या हातातला तांब्या हौदात पडला.

"भाऊजी?" ममता मागे येऊन उभी राहिली. "काय झालं?"

"वहिनी, हा कुठून आला?"

"तो व्हय? ह्यांच्या पेटीत होता. कंपनीनं पाठवलेल्या. कपड्यांच्या वर नीट घडी करून ठेवलेला. मुंगूस कोंबड्या न्यायचा ना. सुतळी बांधली की तोडायचा. मग हा बांधला. हा नाय तुटत."

हे तिने अगदी सहज म्हटलं, आणि तिथेच जीवनचा बांध फुटला. तो रडला नाही. त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, क्रमाने, अहवाल द्यावा तसं. फक्त हा अहवाल खरा होता. सराव, पेटी, फोनवरचा अनुष्काचा नाच, वरून चाचपलेलं पाकीट, वहीतली खूण. निळा पट्टा. तिसऱ्या पिळाला तुटलेली दांडी. बेचाळीस मिनिटं.

"तो निळा पट्टा ह्याच्या जागी, पेटीत असायला हवा होता," तो म्हणाला. "आणि हा दशरथच्या मांडीला. ते बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

सुलूआय कधी मागच्या दारात येऊन बसली ते दोघांना कळलं नव्हतं. तिच्या हातात टोपीचं ताट होतं.

ममता खुराड्याकडे गेली. तिने दांडी खाचेतून सोडवली, पट्टा काढला आणि त्याच्यापुढे धरला. मग उजवा हात पुढे केला. "बांधा."

"वहिनी—"

"बांधा म्हनते ना. कसा बांधतात ते बघायचंय मला."

त्याने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. दांडी पिळली.

"अजून."

"दुखेल."

"अजून."

त्याने पिळत नेला. मनगटावर बोट ठेवलं; नाडी गेली. दांडी खाचेत बसवली. सवयीने घड्याळात बघितलं. अकरा वाजून सहा मिनिटं. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण हात तिने हलवला नाही.

"हा तुटला असता?"

"नाही."

"मग ते जगले असते?"

जगला असता असं म्हणणं सोपं नव्हतं आणि नसता म्हणणं त्याहून अवघड होतं. "बहुतेक," तो म्हणाला. "हो. जगला असता. पाय नसता."

"पाय कोनाला पाहिजे होता," ममता म्हणाली.

अंगणात कोंबड्या मोकळ्या सुटल्या होत्या. पुढून कोणीतरी हाक मारली, पानं मांडायची का? ममताची बोटं फिकी झाली, मग निळसर.

"काय म्हनाले ते?"

"पहिल्यांदा म्हणाला, येऊ नको. जमीन खराब आहे. शेवटी म्हणाला, ये ना."

"आनि तुम्ही?"

"आलोच म्हणत राहिलो."

"पानी?"

"मागितलं. तीनदा."

"दिलंत?"

"नाही वहिनी. पोचलो तेव्हा तो गेला होता."

तिच्या कपाळावर घाम आला होता. सुलूआय दारातून म्हणाली, "पुरे गो, सोर आता." ममताने ऐकलं नाही. वेदना सहन करायची तिने काहीतरी मर्यादा मनाशी धरली असावी, आणि ती गाठायची होती तिला. मग एकदम म्हणाली, "सोडा."

जीवनने दांडी सोडली. रक्त परत येताना जास्त दुखतं. तेव्हा ती ओरडली, वर्षभरात पहिल्यांदा, आणि खुराड्याला टेकून खाली बसली. जीवनने घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं. त्याने तो आकडा सांगितला नाही, पण तिने विचारलं आणि मग सांगावाच लागला.

"मला अकरा नाय सोसली," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने डाव्या हाताने डोळे पुसले. "कंपनीला कळवलंय हे?"

"नाही."

"कळवा. आजच. दुसऱ्या कोनाच्या पाकिटावर असा हात फिरवून खुना होत असतील. त्यांच्या पन बायका असतील घरी."

"मला काढून टाकतील."

"टाकू द्या," ममता म्हणाली. भाऊजी म्हणाली नाही. तिने पट्टा उचलला, घडी केली आणि पदराखाली धरून घरात गेली.

जीवनने तिथेच हौदाच्या कडेला बसून ओटिएनोला फोनवर लिहिलं. सगळं, तारखेसकट. मराठीत सांगताना जे निभावून नेलं होतं, ते इंग्रजीत त्याने तीनदा पुसून पुन्हा लिहिलं. पाठवलं आणि तो निघायला उठला. मागच्या वाटेने निघून जावं, कोणाला तोंड दाखवू नये, एवढंच त्याला कळत होतं.

"खय चाललास?" सुलूआय अजून दारातच होती. ताटातली टोपी आणि टॉवेल तिने काढून आत ठेवला होता. ताट रिकामं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हातारीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने नजर खाली केली.

"माज्या पोराना 'येव नुको' सांगितला, म्हून तू जिता हायेस," ती म्हणाली. "तवा उपाशी जाव नुको. पन पयल्या पानावं तू न्हाय बसायचा."

"नाही बसत, आय."

"शेवटाला बस."

ती मांडवात गेली, मागोमाग जीवन. तिथे पंगत खोळंबली होती. पहिलं पान मोकळं होतं आणि लोक जीवनकडे बघत होते. सुलूआयने स्वतः त्या पानावर वाढलं. भात, वरण, वडा, बाजूला मीठ. तांब्यातून पेला भरला आणि पानाच्या डाव्या हाताला ठेवला.

कोणीतरी विचारलं, "आय, कोन बसतंय हिथं?"

"दशरथ," म्हातारी म्हणाली. "त्याला कोनी पानी पाजला न्हाय. त्याचा त्यालाच घेव दे."

कोणालाच काही कळलं नाही. पंगत बसली. जीवन अगदी टोकाला, मांडवाच्या बांबूला लागून बसला. शेजारी एक अनोळखी म्हातारा होता. तो त्याला आग्रह करत होता, वडे घ्या, गरम आहेत. जीवनने घेतले. त्याने सगळं खाल्लं, कारण खा म्हणून सांगितलं होतं. पाणी मात्र त्याला घेता आलं नाही. लोक जेवले, उठले, हात धुवायला गेले. पहिल्या पानापुढचा पेला काठोकाठ भरलेला तसाच होता.